टाक्याचा सूर

होपटन पार्चमेंटने सकाळची कॉफी संपवली, ओसरीवरच्या बाकावर बसून गिटार मांडीवर घेतली आणि रस्त्यावर कोणी नाही याची खात्री करून तिच्या सहाही खुंट्या एकेक करून सैल केल्या. तारा कुरकुरल्या. मग डाव्या हाताची बोटे नेहमीच्या जागी ठेवून त्याने अंगठा खालपर्यंत फिरवला. बोटे पन्नास वर्षे जिथे पडत आली होती तिथेच पडली होती. सूर मात्र, दमलेल्या माणसाने वाटेतल्या दगडावर टेकावे, तसा बराच खाली येऊन बसला होता.

"हे आपल्या दोघांत राहू दे," तो गिटारीला म्हणाला, आणि तिला पाठीवर अडकवून आपल्या जुन्या मित्राच्या, टँकीच्या घराकडे निघाला.

मार्ल हिल गावात असा माणूस नव्हता ज्याला होपटनचा आवाज ठाऊक नव्हता. तरुणपणी त्याने, रॅन्सफर्ड बेंटने आणि वेंटवर्थ एबँक्सने मिळून 'द ज्युबिलंट्स' नावाचे त्रिकूट उभे केले होते. होपटन वरच्या पट्टीत मुख्य गाणे गाई, रॅन्सफर्ड त्याच्या खाली मधला सूर धरी आणि वेंटवर्थ खर्ज लावी. त्यांची 'लाल वाट' नावाची पहिली तबकडी एके काळी किंग्स्टनपासून माँटेगो बेपर्यंतच्या प्रत्येक बसमध्ये वाजत होती. पुढे दुसऱ्या तबकडीच्या वेष्टनावर होपटनचे नाव मोठ्या अक्षरांत आणि बाकीच्या दोघांचे 'आणि साथीदार' असे छापून आले, आणि तिथेच तिघांचे फाटले. होपटन उत्तर किनाऱ्यावरच्या हॉटेलांत एकटा गाऊ लागला. उरलेले दोघे गावी परतले. एक शेतात रमला, दुसरा चर्चमध्ये.

भांडण तसे कुणीच मिटवले नाही. होपटनही म्हातारपणी गावी आला, आणि जिथे दुकान एक, बस एक आणि मयतीला जायचे तेही सगळ्यांनी एकत्रच, तिथे अबोला फार काळ परवडत नाही. वापरून वापरून ते भांडण आपोआप झिजले, एवढेच.

नाताळात किंग्स्टनहून जॉर्जेट आली होती. तिच्या वडिलांनी 'लाल वाट' ध्वनिमुद्रित केले होते; आता त्यांचा स्टुडिओ ती चालवत होती. तिघांना एका ओळीत बसवून ती म्हणाली होती, "तुम्ही तिघंही जिवंत आहात, एकाच गावात राहता आणि एकमेकांशी बोलता. हे किती दुर्मीळ आहे याची कल्पना आहे का तुम्हाला?"

तिला त्यांचा नवा अल्बम काढायचा होता. काही जुनी गाणी, काही नवी. तिची अट एकच होती: तिघांचे आवाज आधी नुसत्या गिटारीवर मुद्रित करायचे, आणि तेही टँकीच्या टाक्यात. ढोल आणि बास ती नंतर किंग्स्टनमध्ये चढवणार होती.

टाके म्हणजे वेंटवर्थच्या बापाने अंगणात खणलेले पाण्याचे टाके. त्यावरूनच वेंटवर्थला 'टँकी' हे नाव पडले होते. या कोरड्या मुलखात प्रत्येक घराला टाके असते आणि उन्हाळ्यात ते रिते होते. पण त्या टाक्यात आवाज जसा घुमे तसा दुसऱ्या कुठल्याच टाक्यात घुमत नसे. पोरवयात तिघे शिडीने खाली उतरत, आणि त्या अंधारात त्यांनी एकमेकांचे सूर ओळखायला शिकून घेतले होते. टँकीचा सर्वांत खालचा सूर लागला की टाके स्वतःच गाऊ लागे. भिंती थरथरत, वरचे लोखंडी झाकण किणकिणे. 'लाल वाट' हे गाणे त्यांनी त्या सुरावरच बांधले होते.

आणि 'लाल वाट'मध्येच होपटनचे मरण होते. तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'घर' हा शब्द येतो आणि तो गाण्याच्या थेट माळ्यावर ठेवलेला आहे. होपटनचा आवाज त्या माळ्यापर्यंत पोहोचेनासा होऊन बरीच वर्षे झाली होती. हॉटेलांत तो शब्द आला की तो हसून माईक श्रोत्यांपुढे धरी. पाहुणे आनंदाने 'घर' म्हणून ओरडत आणि गायक किती प्रेमळ आहे असे एकमेकांना सांगत. टाक्यात पाहुणे नव्हते. म्हणून त्याने तारा उतरवल्या होत्या. पट्टीच खाली आणली की माळाही खाली येतो. बोटे तीच राहतात, त्यामुळे पाहणाऱ्याला काही कळत नाही.

त्याने खाली आणलेल्या पट्टीने दुसऱ्या एका माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती, हे मात्र पहिल्याच तालमीत उघडे पडले.

"पुन्हा घेऊ या," टँकी म्हणाला. त्याच्या पांढऱ्या जटा कमरेपर्यंत आल्या होत्या आणि टाक्याच्या कोपऱ्यात तो एखाद्या जुन्या वडासारखा उभा होता. "माझा घसा अजून जागा झाला नाही."

पुन्हा घेतले. टँकीचा सूर खाली गेला, आणखी खाली गेला आणि शेवटी नुसता वारा उरला. टाके गप्प राहिले.

"डीकन, तुला मी ऐकू आलो का?"

रॅन्सफर्ड बेंट आता मोरेव्हियन चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाळकाचा मदतनीस, होता. टाक्यातही तो इस्त्रीचा सदरा घालूनच उतरे. "हो, म्हणजे... श्वास ऐकू आला," तो म्हणाला. असत्य बोलायचे नाही आणि मनही दुखवायचे नाही, अशा दोन डगरींवर त्याचा पाय नेहमीच असे.

"श्वास बायकोलाही ऐकू येतो माझा. तेवढ्यासाठी अल्बम कशाला काढायचा?"

तिघे हसले. होपटनही हसला, पण त्याचा अंगठा तारांवर उगाचच फिरत राहिला.

त्यानंतर टँकीने गळ्यावर उपचार सुरू केले. सकाळी रानकारल्याच्या वेलाचा काढा, दुपारी मध आणि लिंबू, संध्याकाळी समुद्रशेवाळाची खीर. काढा इतका कडू की तो पिताना टँकीचा चेहरा पाहायला शेजारणी कुंपणाशी येऊन उभ्या राहत. त्याची बायको आयव्ही गाळणी आपटत म्हणे, "लग्नाआधी मला म्हणाला होता, माझा आवाज ऐकून म्हशी गाभण राहतात. आता बघा, शेवाळ खातोय!"

"म्हशी होत्या कुठे या गावात?" टँकी कण्हत विचारी.

"तेच मी माझ्या आईला सांगायला हवं होतं."

होपटन हे सारे ऐके. एकदा दोनदा त्याच्या ओठांवर खरे येऊनही गेले. पण मनातला वकील हुशार असतो. तो म्हणे, टँकीचेही वय झालेच आहे. तारा चढवल्या तरी त्याचा तो सूर आता लागेलच असे कोण सांगतो? आणि तुझा नाही लागला, तर अल्बम कुणाच्या नावावर निघणार? होपटन पार्चमेंट गात नसेल, तर होपटन पार्चमेंट म्हणजे कोण? बसथांब्यावर बसणारा एक म्हातारा.

एके दिवशी टँकीने त्याला शेतावर बोलावले. कलिंगडाच्या वाफ्यांवर वाळके गवत अंथरायचे काम चालले होते. तांबड्या मातीतली ओल उन्हाने पळवू नये म्हणून ती अशी झाकून ठेवावी लागते. टँकी एकेक पेंढी सोडून हाताने पसरत होता.

"होप, एक विचारतो. खरं सांग. माझा आवाज गेलाय ना?"

होपटनने गवताची काडी उचलली, मोडली. "वय सगळ्यांचंच झालंय, टँकी."

"तुझं कुठे झालंय? तू तर वर पक्ष्यासारखा गातोस. बोटं तीच, गाणं तेच. बिघडलाय तो माझा भाग." त्याने पुढच्या वाफ्यावर गवत टाकले. "मी ठरवलंय. जॉर्जेट आली की सांगतो, जंक्शन गावचा तो मयतीत गाणारा जाडा आहे ना, त्याला माझ्या जागी घ्या. अल्बम बुडता कामा नये. तुम्ही दोघं गा. मी वर बसून बोकडाचं सूप करतो. तेवढं अजून जमतं मला."

"असलं काही बोलू नकोस."

"रडत नाही रे मी. बरं वाटलं, इतक्या वर्षांनी तिघं एकत्र उतरलो म्हणून. तेवढं पुरे."

होपटनने त्या वेळी सांगायला हवे होते. त्याऐवजी त्याने एक पेंढी उचलली आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत काम केले. आयुष्यात त्याने इतके गवत कधी पसरले नव्हते. टँकीला वाटले, मित्राला वाईट वाटले आहे. आणि ते खरेही होते.

रविवारी चर्च सुटल्यावर डीकन थेट टँकीच्या अंगणात आला. उपासना चालू असताना त्याच्या डोक्यात एक विचार आला होता आणि तो देवानेच घातला असावा अशी त्याची समजूत होती.

"दोष तुझा नाहीच, टँकी. दोष गिलाव्याचा आहे!"

गेल्या वर्षी टाके गळू लागले म्हणून आयव्हीने आतून नवा गिलावा करून घेतला होता, वर पांढरा चुनाही दिला होता. डीकनचे म्हणणे असे की, आपण पोरे होतो तेव्हा भिंती खडबडीत होत्या, सूर त्यांना धरून राही; आता त्या गुळगुळीत झाल्या, म्हणून सूर घसरून पडतो.

"बघा तर!" टँकी उभाच राहिला. सबंध महिन्यात त्याच्या चेहऱ्यावर असे तेज आले नव्हते. "मी म्हणतच होतो, काहीतरी बाहेरून आलंय! आयव्ही, छिन्नी कुठे आहे?"

आयव्हीच्या हातातले तुरीच्या शेंगांचे टोपले तिथेच थांबले. "कशाला?"

"गिलावा काढायचाय."

"कुणाच्या टाक्याचा?"

"आपल्या."

"वेंटवर्थ एबँक्स," आयव्ही म्हणाली, आणि ती पूर्ण नावाने हाक मारते तेव्हा कुत्रासुद्धा घराआड जातो, "दोन हंगामांची कलिंगडं त्या गिलाव्यात गेलीत. गुरुवारी पाण्याची गाडी येतेय. त्या भिंतीला हात लावून बघ. उरलेली गाणी मग माझ्या मयतीत म्हण, किंवा स्वतःच्या."

तिथेच उभा असलेला होपटन घरी गेला तो या समजुतीत, की आयव्हीपुढे कुणाचे काही चालणार नाही. पण सोमवारी आयव्ही पातीचा कांदा घेऊन बाजाराला गेली. होपटन गिटार पाठीला लावून टँकीच्या फाटकाशी पोहोचला तेव्हा जमिनीच्या पोटातून ठक, ठक, ठक असा आवाज येत होता.

शिडी तो कसा उतरला हे त्याला नंतर आठवेना. गिटार टाक्याच्या तोंडाला आपटून झणकारली. खाली डीकन कंदील धरून उभा होता आणि टँकी एका कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून भिंतीला छिन्नी लावत होता. वहीएवढा गिलावा निघून पडला होता.

"थांब!"

"दोन हात काढून बघतो फक्त. शिडीपाशी तुझ्या जागेला धक्का लावत नाही," टँकी म्हणाला. "आयव्ही यायच्या आत..."

"टाक्याचा दोष नाही."

टँकीने छिन्नी खाली ठेवली. त्याचे खांदे उतरले. "मग माझाच आहे तर. डीकन, तू उगाच आशा लावलीस."

"तुझाही नाही," होपटन म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. टाक्यात लपायला जागा नसते, तिथे पुटपुटलेलेही घुमते. "माझा आहे. मी तारा उतरवल्यात. पहिल्या दिवसापासून, रोज, घरून निघताना."

कंदील जरा हलला.

"तू गा," होपटन म्हणाला. "नुसता हुंकार दे. तुझ्या अगदी तळाच्या सुरापासून हळूहळू वर ये. काय होतं ते बघ."

टँकीने त्याच्याकडे पाहिले, मग डोळे मिटले आणि हुंकार दिला. आधी नुसता वारा होता. मग त्या वाऱ्याला अंग आले. सूर इंचाइंचाने वर चढू लागला आणि एका ठिकाणी, काही सांगण्याआधीच, टाके जागे झाले. भिंतींतून, पायाखालून, छातीच्या फासळ्यांतून तो एकच सूर भरून आला. वरचे झाकण किणकिणले. एक पाल छतावरून सुटून डीकनच्या खांद्यावर पडली आणि तो कंदिलासकट नाचला.

टँकी थांबला नाही. श्वास संपेपर्यंत त्याने सूर धरून ठेवला, आणि होपटनने त्याच सुरावर गिटारीची एकेक खुंटी पिळून वर आणली. मग नेहमीचा हात वाजवला. टाके आणि गिटार एकमेकांना मिळाली.

"म्हणजे," टँकी हळूच म्हणाला, "मला काही झालेलंच नाही?"

"काहीच नाही."

"आणि मी अख्खा महिना कारल्याचा काढा प्यालो."

"हो."

"शेवाळ खाल्लं."

"हो."

"होपटन पार्चमेंट!" टँकी गरजला, आणि तेही नेमके त्याच सुरात, त्यामुळे शिवी देण्याआधीच टाक्याने त्याला साथ दिली. तो आवाज ऐकून त्याचा त्यालाच इतका आनंद झाला की राग मध्येच कुठेतरी सांडला. तो हसत सुटला. डीकनही हसू लागला. "मला वाटलं, माझं गाणं आजकाल सोपं का जातंय?" डोळे पुसत तो म्हणाला. "मी समजलो, प्रभूची कृपा. आणि ती याच्या खुंट्यांत होती!"

होपटन हसला नाही. हसणे ओसरल्यावर टँकीच्या ते लक्षात आले.

"का पण, होप?"

सांगण्यापेक्षा दाखवणे होपटनला सोपे वाटले. तो टाक्याच्या तोंडाखाली, शिडीपाशी जाऊन उभा राहिला. ती त्याची जुनी जागा होती. तिथे वरून उजेडाचा चौकोन पडे आणि मुख्य गाणारा त्या चौकोनात उभा राही. त्याने 'लाल वाट' सुरू केले. बाकीचे दोघे सवयीने सामील झाले. पहिली ओळ नीट गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या ओळीला त्याने वर पाहिले, छाती भरून घेतली, 'घर' म्हणायला तोंड उघडले, आणि आवाज वाळक्या फांदीसारखा मोडला.

त्याला वाटले होते की आता शांतता पसरेल. ती पसरली नाही.

कारण डीकन रॅन्सफर्ड बेंट तीस वर्षे चर्चमध्ये उभा होता. तिथे कोणीही भक्तिगीत उचलते. एखादी आजी फार वर उचलते आणि अर्ध्यात अडकते. गाणे देवाच्या घरात जमिनीवर पडू द्यायचे नाही, अशी रीत आहे, आणि ते पडता पडता झेलणे हे डीकनचे काम असते. त्याने विचार केला नाही. होपटनचा सूर मोडला त्याच क्षणी त्याने तो शब्द खालून झेलला, वर नेला आणि माळ्यावर ठेवून दिला. धारदार नाही, तरुण नाही, पण स्वच्छ आणि भरवशाचा. खाली टँकी होता. टाके गात होते. गाणे संपेपर्यंत दोघे थांबले नाहीत.

संपल्यावर डीकनने तोंडावर हात ठेवला. "माफ कर, होप. सवय लागलीय."

"पुन्हा म्हण," होपटन म्हणाला.

"नाही नाही. वरचं तुझं आहे."

"माझं होतं. टँकी, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. इतकी वर्षं हा पाद्रीबुवा आपल्या दोघांमध्ये दडून बसला होता."

"मी मुख्य गायक होऊ शकत नाही," डीकन घाईने म्हणाला. "मध्ये असलो की ठीक असतं, कुणाला कळत नाही. पण वरून मी टँकीच्या रास्ताफारी पंथासारखं देवाला 'जाह जाह' म्हणत गायलो आणि ते रेडिओवर लागलं, तर पाळकसाहेब काय म्हणतील?"

टँकीला हेच हवे होते. या वादात तो आयुष्यभर तयारीनिशी उतरत आला होता. "स्तोत्र अडुसष्ट, वचन चौथं. तुझ्याच बायबलात. त्याचं नाव जाह आहे, त्या नावानं त्याची स्तुती करा. पाळकसाहेबांना वाचता येत नसेल, तर मी येऊन वाचून दाखवतो."

"तू आलास, तर मला डीकन म्हणून ठेवतील का तिथे?"

"मग इथे ये. माझ्याकडे सूप असतं."

ते वचन डीकनला पाठच होते. आणि होपटनने पाहिले की नको नको म्हणणाऱ्या त्या माणसाचे डोळे पोरासारखे चमकत होते. त्याने डीकनचा दंड धरला, त्याला शिडीपाशी नेले आणि उजेडात उभे केले. मग स्वतः मागे सरला, अंधारात, दोघांच्या मध्ये. दोनच पावले होती ती. पण छातीत काहीतरी रिकामे झाल्यासारखे त्याला वाटले, आणि ते त्याने कुणाला दाखवले नाही.

मधला सूर गाणे त्याला वाटले होते त्याहून अवघड निघाले. मुख्य चाल त्याच्या रक्तात भिनलेली. दोन शब्द गेले की तो नकळत वर चढे.

"तू पुन्हा माझ्या घरात शिरलास," डीकन सौम्यपणे म्हणे.

"तुझं घर? कालपर्यंत माझं होतं!"

"भाडेकरू बदललाय," कोपऱ्यातून टँकी म्हणे. "सामान हलव."

डीकनने त्याला सांगितले की वरच्याकडे लक्ष द्यायचेच नाही. खालच्याचे ऐकायचे आणि त्याच्यावर टेकून उभे राहायचे. होपटनने प्रथमच टँकीला नीट ऐकले. आजवर तो खर्ज त्याच्यासाठी पायाखालची जमीन होता, आणि जमीन कोणी ऐकत बसत नाही. त्यात किती बारीक हालचाल होती! प्रत्येक ओळीच्या शेवटी टँकी किंचित आधी थांबे, वरच्याला उतरायला जागा ठेवण्यासाठी. जन्मभर ती जागा होपटनसाठीच ठेवलेली होती, आणि त्याला वाटत होते की आपण आपल्याच बळावर उतरतो.

जॉर्जेट मंगळवारी आली. आयव्हीने छिन्नीचा घाव एव्हाना पाहिला होता. त्याची शिक्षा म्हणून टँकी सकाळीच तो लिंपून, वर चुना देऊन तयार होता. होपटननेही स्वतःहून घमेले उचलले होते. जॉर्जेटने मधोमध एकच माईक टांगला, स्वतः वर यंत्रापाशी बसली, कानाला हेडफोन लावले आणि खाली ओरडली, "सुरू करा!"

पहिले गाणे झाले. मग टाक्याच्या तोंडातून तिचे डोके दिसले. "लीड कोण गातंय?"

"डीकन," होपटन म्हणाला.

"मी सगळ्यांना होपटनचा आवाज सांगितलाय."

"होपटनचा आवाज यात आहे. शोधावा लागेल, एवढंच." तो थांबला. "माझा वरचा सूर गेला, पोरी. तो नाही मिळणार आता. हे आम्ही तिघं आहोत ते असे आहोत. नको असेल तर आत्ता सांग, आयव्हीला पाण्याची गाडी लवकर बोलावता येईल."

जॉर्जेटने तिघांकडे पाहिले. तिच्या कपाळावरची आठी तशीच होती. तिला हे कुणाकुणाला समजावून सांगावे लागणार आहे, ते बहुधा ती मोजत होती. डोके वर गेले. मग नुसता आवाज आला, "पुन्हा घ्या. आणि टँकी, थोडे मागे सरा, माईक तुमच्यामुळे झोके खातोय."

गुरुवारी दुपारपर्यंत सगळी गाणी झाली. जॉर्जेटने आपल्या मोटारीची दारे सताड उघडून पहिलेच मुद्रण मोठ्याने लावले. अंगणात आंब्याखाली सगळे बसले. सूप झाले होते, भाजलेला नीरफणस फोडला होता. 'लाल वाट' सुरू झाले. आपलाच आवाज ऐकून डीकनने हातातले ताट आधी तोंडासमोर धरले, मग हळूहळू खाली घेतले. टँकीचा सूर आला तसा पत्र्याच्या कुंपणाने ताल धरला.

होपटन डोळे मिटून स्वतःला शोधत होता. वर डीकन होता. खाली टँकी होता. मध्ये काहीतरी ऊबदार, भरीव असे होते, पण त्याला बोट लावायला जावे तर ते एकदा वरच्यात मिळून जाई, एकदा खालच्यात. अर्ध्या गाण्यापर्यंत त्याने शोधले आणि मग सोडून दिले. तिसरी ओळ आली. 'घर' हा शब्द तिघांनी मिळून वर नेऊन ठेवला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्या शब्दाआधी होपटनने धास्तीने वर पाहिले नाही.

गाणे संपले. आयव्ही पळी हातात धरून विचारात पडली होती.

"छान आहे," ती म्हणाली. "पण यात होपटन गायलाच नाही का? मला कुठेच ऐकू आला नाही."

टँकी आणि डीकन दोघेही चपापले. त्यांनी एकदमच होपटनकडे पाहिले.

"गायला नाही, मग माझं तीन वाट्या सूप कसं प्यायला हा?" आयव्ही पुढे म्हणाली.

होपटनने वाटी पुढे केली. "पहिल्या गाण्याचं होतं ते," तो म्हणाला. "अजून बरीच बाकी आहेत. वाढ."

इतक्यात वळणावर पाण्याच्या गाडीचा भोंगा वाजला आणि आयव्ही पळी टाकून उठली. "आधी ती शिडी बाहेर काढा! आणि खाली कुणाचं काही राहिलंय का बघा, पुन्हा उन्हाळ्यापर्यंत मिळणार नाही!"

तिघे म्हातारे उठले. टँकीने शिडीचे एक टोक धरले, डीकनने दुसरे. होपटनने मध्ये हात घातला.